तिजोरीची किल्ली आणि वस्तीचा नळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या सभासद व विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘स्थानिक संस्थांचा पैसा’ असे कळविले. त्यावर एका जुन्या सभासदांनी फोन करून विचारले, “अहो, वर्धापनदिनाला हा विषय? लोक चहा घेऊन उठून जातील.” त्यांची शंका रास्त होती. जमाखर्चाच्या गोष्टी कोणाला गोड लागत नाहीत. परंतु सकाळी उठल्यापासून आपल्याला काय काय लागते, ते जरा मोजून पाहा. नळाचे पाणी, गल्लीतील दिवा, गटार, संडास, मुलांची प्राथमिक शाळा, दवाखाना आणि शेवटी स्मशानभूमीतील शेड. या साऱ्या गोष्टी आपल्या दारापर्यंत पोहोचविण्याचे काम ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे असते. आपण चर्चा करतो लोकसभेची आणि विधानसभेची. वस्तीतील गटार का तुंबले याचे उत्तर मात्र ज्या वहीत असते, ती वही आपण उघडत नाही. त्या वहीचे नाव अंदाजपत्रक.

आम्ही नोकरीची बरीच वर्षे एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली. त्या काळात नागरिक अर्ज घेऊन येत, तक्रारी घेऊन येत, कधी मोर्चा घेऊनही येत. पण ‘तुमचे अंदाजपत्रक दाखवा’ म्हणणारे फार थोडे भेटले. आपल्या समाजातून तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. म्हणून आज हा विषय निवडला.

चवदार तळे कोणाच्या पैशाचे?

सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेवरून करू. महाडचे चवदार तळे आपण मानवी हक्काचे तीर्थ मानतो. परंतु त्या लढ्याला सार्वजनिक पैशाचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते.

१९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालविली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. तो संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली त्याप्रमाणे ठराव करून तळे खुले असल्याचे कागदावर मान्य केले. प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. तेव्हा १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, असे त्यात म्हटले होते.

मित्रहो, या दुसऱ्या ठरावाकडे नीट पाहा. पहिल्या ठरावात न्यायाचे तत्त्व होते, दुसऱ्यात पैशाची दोरी होती. तत्त्व मान्य करूनही जी संस्था हलत नाही, तिला अनुदानाच्या दोरीने हलवावे, ही युक्ती आपल्या चळवळीच्या मित्रांना शंभर वर्षांपूर्वी सुचली होती.

पुढचा इतिहास आपण जाणता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळे नगरपालिकेचे होते, कोणा एका जातीच्या मालकीचे नव्हते, हा त्या साऱ्या वादाचा कणा होता. आणखी एक तारीख लक्षात ठेवा. महाडच्या सत्याग्रहापूर्वी महिनाही झाला नव्हता, तेव्हा, २४ फेब्रुवारी १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलले होते. शेतसाऱ्याचा बोजा लहान शेतकऱ्यावर आणि मोठ्या जहागीरदारावर सारख्याच दराने पडतो, हे अन्यायाचे आहे, असे त्यांनी तेथे मांडले. एकाच महिन्याच्या अंतरात अंदाजपत्रक आणि पाणवठा! हा योगायोग आम्ही मानत नाही. बाबासाहेबांच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

बाबासाहेबांचा प्रबंध काय सांगतो?

विद्यार्थ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. ज्या ग्रंथावर मिळाली, त्याचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा होता. हा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. त्याला त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. आज जगभर ज्याला वित्तीय विकेंद्रीकरण म्हणतात, त्याच प्रश्नाचा हा अभ्यास आहे. ‘वरच्या सरकारने खालच्या सरकारला कामे दिली, तर पैसा कसा द्यावा आणि अधिकार किती द्यावा?’ हा तो प्रश्न.

१८३३ च्या सनदी कायद्याने सगळी आर्थिक सत्ता हिंदुस्थान सरकारच्या हाती एकवटली. प्रांतांनी खर्च करायचा, पैसा मात्र वरून यायचा. याचा परिणाम काय झाला? खर्च करणाऱ्याला पैसा उभा करण्याची चिंता नाही आणि पैसा उभा करणाऱ्याला खर्चाची प्रत्यक्ष गरज कळत नाही. मग जो प्रांत जास्त ओरडेल त्याच्या पदरात जास्त पडे, असे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवले आहे.

पुढे लॉर्ड मेयोने १८७०च्या डिसेंबरात ठराव करून पोलीस, शिक्षण, तुरुंग, रस्ते, वैद्यकीय मदत अशी काही खाती प्रांतांकडे दिली आणि त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम नेमून दिली. कमी पडले तर प्रांतांनी आपले आपण भागवायचे. बाबासाहेबांनी या पद्धतीचे तीन टप्पे पाडले. १८७१ पासून ठोक रकमेचा टप्पा, १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी प्रांतांना सोपविण्याचा टप्पा, आणि १८८२ पासून उत्पन्नात वाटणी करण्याचा टप्पा. हा तिसरा टप्पा १९२०-२१ पर्यंत चालला.

परंतु त्यांनी तेथे थांबून एक परखड प्रश्न विचारला. याला खरे विकेंद्रीकरण म्हणावे काय? प्रांताला आपल्या अधिकारात नवा कर बसविता येत नव्हता, कर्ज काढता येत नव्हते, ठरावीक मर्यादेपलीकडे नवे पद निर्माण करता येत नव्हते. सगळ्या गोष्टींना वरून मंजुरी. म्हणजे प्रांत नावाला स्वतंत्र, वस्तुतः वरच्या सरकारचे खाते सांभाळणारा मुनीम. प्रांतिक अंदाजपत्रक वेगळे दिसत होते, पण ते हिशेबाच्या सोयीपुरते वेगळे होते.

ही कसोटी हातात घेऊन आपण आजच्या आपल्या ग्रामपंचायतीकडे आणि नगरपालिकेकडे पाहणार आहोत.

कामे खाली आली

घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय दिले गेले. दर पाच वर्षांनी निवडणूक, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, हे सारे घटनेत आले. महाराष्ट्रात तर १ मे १९६२ पासूनच जिल्हा परिषदा काम करीत होत्या. २०११ पासून आपल्या राज्यात स्त्रियांचा वाटा निम्मा झाला.

या तरतुदींचे मोल आपण कमी लेखू नये. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी राखीव जागांचा आग्रह धरला होता. जातीने विभागलेल्या गावात पंचायतीच्या हाती सत्ता देणे म्हणजे दुबळ्यांना सबळांच्या स्वाधीन करणे होय, ही त्यांची भीती होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही त्यांनी खेड्याच्या गुणगानाला विरोध केला. घटनेत जी राखीव जागांची तरतूद १९९३ साली आली, ती या भीतीचे उत्तर होते. आज आपल्या भगिनी सरपंचपदाच्या खुर्चीवर बसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

मात्र खुर्ची मिळाली म्हणजे तिजोरी मिळाली असे होत नाही. घटनेच्या २४३-एच आणि २४३-एक्स या कलमांनी स्थानिक संस्थांना कोणते कर द्यावयाचे, हे ठरविणे राज्याच्या कायद्यावर सोडले. कामांची यादी घटनेत, करांची यादी राज्याच्या मर्जीत. सारा गुंता येथून सुरू होतो.

पैसा कोठून येतो?

ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. बाकी सारे वरून येते. भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या अर्थकारणाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ साली देशातील पंचायतींच्या महसुलात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम १.१ टक्के होता. सुमारे ९५ टक्के पैसा केंद्राच्या आणि राज्याच्या अनुदानांचा. बाबासाहेबांच्या भाषेत सांगायचे, तर आपण १८७१ च्या ठोक रकमेच्या टप्प्यातून फारसे पुढे सरकलेलो नाही.

अनुदान वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. औद्योगिक वसाहत ज्या हद्दीत आहे, त्या ग्रामपंचायतीला कारखान्यांची पट्टी मिळते. डोंगरातल्या, मजुरांच्या गावाने कोणावर पट्टी बसवावी? तेथे वरचा पैसा गेलाच पाहिजे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम सुचविली. तो पैसा थेट ग्रामपंचायतीसाठी होता आणि त्यातून कित्येक गावांत पहिल्यांदा पक्के रस्ते, गटारे झाली. पंधराव्या आयोगाने पाणी आणि स्वच्छता यांसाठी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली आणि ४० टक्के अबंधित. ‘बंधित’ म्हणजे खर्चाची बाब वरून ठरलेली. पाण्यासाठी पैसा बांधून ठेवला, हे दलित वस्तीच्या दृष्टीने चांगलेच. पण गावाची पहिली अडचण शाळेच्या पडक्या भिंतीची असेल, तर तो पैसा तेथे वळविता येत नाही. दोरीला दोन टोके असतात, हे लक्षात घ्या. १९२६ साली तीच दोरी न्यायासाठी ओढली गेली. तीच गळ्यातला पट्टाही होऊ शकते.

केरळने १९९६ साली लोकयोजना सुरू करताना राज्याच्या योजना-खर्चातील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या हाती सोपविली, आणि कोणत्या संस्थेला किती मिळणार हे राज्याच्या अंदाजपत्रकाच्या परिशिष्टात आधीच छापले. अनुदान असूनही ते हक्काचे झाले, कारण रक्कम आधी ठाऊक होती. अनुदान आणि हक्क यांत फरक असतो तो एवढाच: रक्कम आधी कळते की मागाहून पदरात पडते.

जकात नाक्याची गोष्ट

आता शहरांकडे वळू. आमच्या पिढीने जकात नाके पाहिले आहेत. ट्रकांच्या रांगा, पावत्यांची घासाघीस, रात्रीचे व्यवहार. जकातीत दोष पुष्कळ होते. माल अडकून पडे आणि कराचा भार शेवटी गिऱ्हाईकावर, म्हणजे गरिबावरही, पडे. पण नगरपालिकेच्या लेखा विभागात बसलेल्या माणसाला तिचा एक गुण दिसे. संध्याकाळी रोख रक्कम कोषात जमा होई. ती नगरपालिकेची स्वतःची असे. पगार थांबत नसे, पंपाचे वीजबिल थांबत नसे.

१९९९ साली महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. आमच्या टेबलावरून आम्ही तो बदल पाहिला. पूर्वी महिनाअखेरीला नाक्याकडे पाहत असू, नंतर मंत्रालयाच्या पत्राकडे पाहू लागलो. महानगरपालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला. मुंबईची जकात तेवढी राहिली होती, ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येताच गेली. राज्याने महानगरपालिकांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा केला आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरली. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेला पहिला हप्ता म्हणून सुमारे ६४७ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. ही तरतूद कायद्याने झाली, ही समाधानाची बाब आहे. तरीही देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकासुद्धा एका रात्रीत कर घेणारीची हप्ता घेणारी झाली, हे विसरता येणार नाही.

आता मोठा आधार उरला मालमत्ता कराचा. पण तोही सर्वस्वी पालिकेच्या हाती नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना आधी २०१९ साली सर्वसाधारण करातून आणि मग २०२२ साली संपूर्ण मालमत्ता करातून सूट मिळाली. लहान घरात राहणाऱ्यांना ती हवीहवीशीच आहे. त्यांत आपलेही कितीतरी बांधव आहेत. परंतु निर्णय राज्याचा आणि घट पालिकेच्या कोषात, याचाही विचार झाला पाहिजे. सवलत जाहीर करणारा हात एकाचा आणि रिकामा होणारा खिसा दुसऱ्याचा, असे झाले की पालिका काटकसर कोठे करते? आमचा अनुभव सांगतो, ती सर्वांत आधी सफाईत करते.

सफाई म्हणजे कोण, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. कायम कामगार निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही आणि काम कंत्राटदाराला द्यायचे, ही रीत कित्येक शहरांत पडली. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये कायम केला, तो वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. अंदाजपत्रकात ‘आस्थापना खर्चात बचत’ अशी एक निर्जीव ओळ असते. त्या ओळीखाली आपल्याच माणसांचा भविष्यनिर्वाह निधी आणि औषधपाणी दबलेले असते.

कर्ज कोणाला मिळते?

पाण्याची मोठी योजना, मलनिःसारण, पूल ही कामे एका वर्षाच्या उत्पन्नातून होत नाहीत. त्यासाठी कर्ज काढावे लागते. यात गैर काहीच नाही. जलवाहिनी तीस-चाळीस वर्षे चालते, तर तिचा सगळा भार आजच्याच करदात्याने का उचलावा? मात्र आपल्याकडे स्थानिक संस्थेला राज्याच्या परवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही. येथेही बाबासाहेबांची कसोटी लावून पाहा.

दुसरा मार्ग कर्जरोख्यांचा. १९९८ साली अहमदाबाद महापालिकेने राज्याची हमी न घेता १०० कोटींचे रोखे काढले. देशात असे प्रथमच घडले. त्याच्या काही वर्षे आधी ती पालिका तोट्यात होती. तिने आधी जकातीची आणि मालमत्ता कराची वसुली सुधारली, हिशेब नीट केले, पत मानांकन करून घेतले आणि मग ती बाजारात गेली. आपल्याकडे नाशिकने १९९९ साली आणि नागपूरने २००१ साली हा मार्ग धरला. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. गणित करा, वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये नुसते व्याज. ते कोण भरणार? पुण्याचा करदाता आणि पाणीपट्टी भरणारा. म्हणून अशा योजनेचे पाणी झोपडपट्टीच्या नळापर्यंत कधी आणि किती दाबाने पोहोचणार, हा प्रश्न कर्जाचा ठराव होतानाच विचारला पाहिजे. पाइप पुरल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

मोठ्या शहराला पत असते, तालुक्याच्या गावाला कोण विचारतो? तमिळनाडूने यावर तोडगा काढला. २००२-०३च्या सुमारास तेथील तेराएक लहान नगरपालिका आणि नगरपंचायतींनी एकत्र येऊन पाणी व स्वच्छतेच्या कामांसाठी सुमारे ३० कोटींचे रोखे उभारले. आपल्या भगिनींच्या बचत गटासारखीच ही रीत. एकटीला बँक दारात उभी करत नाही. दहाजणींनी एकमेकींची हमी घेतली की कर्ज मिळते.

आपला वाटा आणि आपली वही

आता सर्वांत जवळचा मुद्दा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी राखावी लागते. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची राज्याची योजना आहे, आणि शहरांत अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची वस्ती सुधारणा योजना आहे.

एक गणित फळ्यावर मांडू. समजा एका ग्रामपंचायतीची करांची मागणी वर्षाला ४ लाख रुपये आहे. पूर्ण वसूल झाली तर १५ टक्क्यांचे ६०,००० रुपये होतात. वसुली अडीच लाखच झाली, तर आपला वाटा ३७,५०० वर येतो. गावातल्या बड्या वाड्याने पट्टी थकविली, तर तो ग्रामपंचायतीचेच नव्हे, आपल्या वस्तीचेही पैसे थकवीत असतो. म्हणून थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, असा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि तो धरण्यापूर्वी आपली स्वतःची पट्टी भरलेली असली पाहिजे. हे थोडे कडू वाटेल, पण जो भरतो त्याचाच आवाज चढतो.

आमच्या एका नातलगांच्या गावची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे तीन वर्षे मागासवर्गीय निधी ‘पूर्ण खर्च’ दाखविला जात होता. वस्तीत मात्र काही दिसत नव्हते. बारावीला असलेल्या एका मुलीने माहितीच्या अधिकारात खर्चाची नोंद मागितली. त्यात विजेच्या दिव्यांचा खर्च होता. दिवे खरेच बसविलेले होते, पण बस थांब्यापासून मुख्य चौकापर्यंत. कारण काय, तर ‘त्या रस्त्याने वस्तीतील लोकही जातात’. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती मुलगी उठली आणि तिने फक्त ती नोंद वाचून दाखविली. कोणाला शिवी दिली नाही, घोषणा दिली नाही. सभा गप्प झाली. सरपंच आपल्याच समाजाच्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, मला सही कर म्हणाले, मी केली.” पुढच्या वर्षी वस्तीत चार दिवे लागले आणि अर्धे गटार झाले. उरलेले अर्धे अजून व्हायचे आहे. हा काही मोठा विजय नव्हे. पण त्या सरपंचबाई त्यानंतर वाचल्याशिवाय सही करीनाशा झाल्या, हे आम्हांला चार दिव्यांपेक्षा मोलाचे वाटते.

या हकीकतीत बाबासाहेबांच्या दोन्ही शंका एकत्र दिसतात. वरचे सरकार राखीव निधीचा नियम करते, पण लक्ष ठेवू शकत नाही. खालचे सरकार जवळ असते, पण तेथे गावची उतरंड बसलेली असते. मग न्याय कोठून येणार? आमच्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या तरच. नियम वरून हवा, पैसा उभा करण्याची आणि खर्चण्याची सत्ता खाली हवी, आणि वही सर्वांसमोर उघडी हवी. यांतील एक जरी सुटली, तरी विकेंद्रीकरण म्हणजे जुन्या सत्तेलाच नवा शिक्का.

तिसऱ्या गोष्टीवर अलीकडे मोठा आघात झाला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातील अनेक महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांवरही प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. मधल्या वर्षांत अंदाजपत्रक ज्या अधिकाऱ्याने तयार केले, त्यानेच ते मंजूर केले. आपल्या प्रभागाची राखीव जागा होती, पण त्या जागेवर बसून प्रश्न विचारणारा कोणी नव्हता.

आता काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, आमची मागणी लहान आहे. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेआधी आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आणि कर मागणीची नोंदवही पाहून घ्या. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागाची तरतूद काढावी. वहीत पाच ओळी लिहा. स्वतःचे उत्पन्न किती? वरून आले किती? त्यातले बंधित किती? कर्ज आहे काय आणि त्याचे व्याज किती? आपल्या वस्तीवर प्रत्यक्ष खर्च किती आणि कोठे? पुढच्या वर्धापनदिनी नुसती भाषणे नकोत. या वह्या येथे मांडा. सभासदांपैकी जे लेखा, बँक, महसूल या खात्यांतून निवृत्त झाले आहेत, त्यांनी मुलांसोबत बसून त्या तपासाव्यात. आम्ही स्वतः दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या वाचनालयात बसू.

बाबासाहेबांच्या प्रबंधाची पाने आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडली असतील, कारण त्यात आकड्यांचे तक्ते आहेत. पण ज्या माणसाने परदेशात अर्धपोटी राहून त्या तक्त्यांचा अभ्यास केला, तोच माणूस पुढे तळ्याच्या काठी उभा राहिला. पाणी कोणाचे हे विचारण्याआधी, तळे कोणाच्या पैशाने राखले जाते हे त्याला माहीत होते. आपल्या वस्तीच्या नळावर उभे राहताना तेवढे तरी आपल्याला माहीत असावे.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. चहाला कोणी उठले नाही, हे त्या जुन्या सभासदांना कळवावे, ही अध्यक्षांना विनंती.

जयभीम!